सुगंधाचं गाऱ्हाणं

कावेरीबाईंनी सुगंधाला पहिल्यांदा खरं ऐकलं ते वर्गात नव्हे, एस्टीत.

देवगडहून सुटलेली गाडी मिठबावच्या अलीकडच्या चढावर धापा टाकत होती आणि दांड्याला धरून उभी असलेली एक शाळकरी पोर कंडक्टरशी भांडत होती. कंडक्टरचं म्हणणं, पासावरचा शिक्का दिसत नाही, तिकीट काढ.

"शिक्को कोणी मारलो? तुमच्या डेपोन. पुसट कोणी मारलो? तुमच्याच डेपोन. मगे तिकीट माका कित्याक? त्या शिक्केवाल्याक फाडा!"

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढच्या बाकाकडे सरकला. कावेरीबाईंनी मात्र मांडीवरच्या चिमीकडे पाहिलं. पोरीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाऊन आला होता आणि नऊ महिन्यांची चिमी, जी कढईत पळी आपटली तरी किंचाळून उठायची, ती तोंड उघडं टाकून झोपलेली होती. ओरडणं वेगळं आणि आवाज पोचवणं वेगळं, हे बाई वर्षभर मुलांना सांगत होत्या. इथे ते कुणी न सांगता चाललं होतं.

मग त्यांनी पोरीचं तोंड नीट पाहिलं आणि चपापल्या. ही तर आपल्याच नववीतली, विश्राम गावकराची सुगंधा. 'वाच' म्हटलं की जिभेला गाठ मारल्यासारखी वाचणारी.

त्या वर्षी, म्हणजे रत्नागिरीपासून फुटून जिल्हा नवा होऊन तीनेक वर्षं झाली होती तेव्हा, तालुक्याच्या स्पर्धेचं रूप बदललं होतं. आधी नुसतं वक्तृत्व असे. हेडमास्तर श्रीपादसर भाषण लिहून द्यायचे, एखादा मुलगा ते घोकायचा. विषय हुंडा असो की वृक्षतोड, भाषणाची सुरुवात 'सह्याद्रीच्या कुशीत आणि सिंधुसागराच्या साक्षीने' अशीच व्हायची, आणि 'साक्षीने' म्हणताना उजवा हात समुद्र ज्या बाजूला असेल त्या बाजूला जायचा. सरांचा त्याबाबतीत कटाक्ष असे. देवगडच्या सभागृहात एकदा गुरुदास नावाच्या मुलाने हात डोंगराकडे केला, तर सर चार दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

आता मात्र वादविवाद होता. दोन बाजू, आणि भाषणं झाली की खंडन. समोरचा जे बोलेल ते तिथल्या तिथे खोडायचं.

"सुगंधा?" श्रीपादसरांनी चष्मा कपाळावर चढवला. "ती मालवणीत भांडते हो बाई."

"भांडते सर, पण मुद्द्याला धरून भांडते."

"मुलगी आहे. आजवर आपण मुलगी पाठवलेली नाही."

"म्हणून तर कधी पहिला नंबर आला नाही," कावेरीबाई बोलून गेल्या आणि जीभ चावली. रजेच्या जागेवर आलेली बाई, घरात रांगतं मूल, नवरा रत्नागिरीला बँकेत. एवढ्याशा भांडवलावर हेडमास्तरांना असं बोलायचं नसतं.

सरांनी चष्मा पुन्हा नाकावर आणला. मग म्हणाले, "ठीक. मूळ भाषण माझं. त्यात कानामात्रा बदलायचा नाही. खंडनाचं तुम्ही बघा. पण शाळेची फजिती झाली तर पुढच्या वर्षीपासून मुली रांगोळीच्या स्पर्धेला. मग मुलींचं नाव ह्या स्पर्धेसाठी माझ्यापुढे काढायचं नाही, कबूल?"

कावेरीबाईंनी कबूल केलं. दुसरं काय करणार?

सराव त्यांच्या बिऱ्हाडी, स्वयंपाकघरात चालायचा. शाळा सुटली की शेजारची अक्का चिमीला आणून द्यायची, बाई तिला पाजून पाळण्यात टाकायच्या, आणि पोराने डोळे मिटल्यापासून उठेपर्यंतचा जो काही वेळ मिळेल तो सुगंधाचा. ती चुलीपाशी उभी राहायची, बाई मागच्या दारात तांदूळ निवडत बसायच्या.

"मला इथे अक्षर न् अक्षर ऐकू आलं पाहिजे. आणि चिमी उठता कामा नये."

"उठला तर?"

"उठली तर तू तिला झोपवायचंस. मला स्वयंपाक आहे."

सुरुवातीला सुगंधाने चिमीला पुष्कळदा झोपवलं. मग तिला कळलं की आवाज पुढे फेकला की पोर दचकतं, आणि दारातल्या बाईंच्या हातात ठेवल्यासारखा दिला की निजून राहतं. हे बाईंनाही कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. पाळणा मधे होता म्हणून सापडलं.

दुसरी गोष्ट जड गेली. बाईंचा नियम असा की खंडन करताना समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याहून बऱ्या शब्दांत मांडायचं, मग तोडायचं.

"म्हंजे त्येकाच जिंकवूचा?" सुगंधा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, असा भांडण मी खंय बघूक नाय."

"तू समुद्रावरच्या खडपात कालवं काढायला जातेस ना? कालव फोडताना घाव कुठे घालतेस?"

"तोंडार."

"दुसरीकडे का नाही?"

"दुसरीकडे नुसतो दगड. हातच फुटतलो."

"आणि तोंड कसं सापडतं?"

सुगंधाने रिकामा पंजा फिरवून पाहिला. "हातात धरून बघूचा लागता. नीट, सगळ्या बाजून."

"तेच म्हणतेय मी. मुद्दा आधी हातात धर."

त्या दिवसानंतर ती घरीदारी सगळ्यांची म्हणणी हातात धरू लागली. आई वैतागून बाईंकडे आली. "बाई, ह्या काय शिकवल्यात? भांडी घास म्हटला तर म्हणता, 'आये, तुजा म्हणणा असा की भांडी आपसून घासली जायत नाय. बरोबर. पण गणपत दादा दोन हात घेवनच जन्माक इलो हा!'"

"मग घासली का गणपतने?"

"घासली ना!" आईने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, कळलं नाही.

अडलं ते श्वासापाशी. सरांचं भाषण म्हणताना तिचं वाक्य अर्ध्यात गुदमरायचं. पुस्तकी शब्द लांब, वाक्यं त्याहून लांब, आणि शेवटाला येईतो छातीत काही उरायचं नाही.

त्याच सुमारास गावची जत्रा झाली. देवळासमोर माणसं दाटीने उभी, आणि सुगंधाचे वडील विश्राम हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं घालत होते. गिरणीच्या संपानंतर मुंबई सोडून आलेला, एरवी चार शब्द बोलायला चार दिवस घेणारा हा माणूस. पण देवापुढे उभा राहिला की साऱ्या गावाची सुखदुःखं एका दमात सांगायचा. कोणाची गाय व्यायची आहे, कोणाचं लग्न अडलं आहे, कोण मुंबईला आजारी पडलं आहे. आणि दर वाक्यामागून साऱ्या गावाचा एक आवाज उठायचा, 'व्हय म्हाराजा!' कावेरीबाईंच्या माहेरी, वालावलीलाही, हे असंच होतं. लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळेच कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझे बाबा एवढं लांबलचक बोलतात, श्वास कधी घेतात गं?"

"लोक व्हय म्हाराजा म्हणतत ना, तेवा."

बाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"बाई? काय झाला?"

"काही नाही. आता तू तसंच कर. दर वाक्याच्या शेवटी लोकांना जागा ठेव. ते बोलोत न बोलोत. त्यांच्या जागेत तू श्वास घे."

मग गंमतच झाली. सुगंधा चुलीपाशी एकेक वाक्य म्हणायची आणि बाई पाळण्याची दोरी ओढत कुजबुजायच्या, "व्हय म्हाराजा." वाक्यं मोकळी झाली. चिमीसुद्धा झोपेत हुंकार देऊ लागली.

"मी ल्हान असताना, बाबा मुंबैसून जत्रेक इलेले तेवा, एकदा घरात गाऱ्हाणा घातलेलंय," सुगंधा म्हणाली. "बाबा रागान लाल. म्हणाले, चेडवान गाऱ्हाणा घालूचा नाय, देव ऐकना नाय."

"मुलीने घातलेलं देव ऐकत नाही? मग?"

"मी म्हटलंय, देवाक कोणी विचारलान?"

"आणि बाबा?"

"त्या दिवशी माका जेवूक नाय दिल्यानी. आयेन मागसून दिल्यान." तिने पाळण्याला एक झोका दिला. "अजून त्यांनी सांगूक नाय, देवाक कोणी विचारलान ता."

स्पर्धेच्या दिवशी अक्काला ताप भरला. चिमीला कुठे ठेवणार? कावेरीबाईंनी तिला खांद्यावर टाकलं, पिशवीत दुधाची बाटली आणि लंगोट कोंबले आणि सकाळची गाडी पकडली. श्रीपादसर कडक इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या बाकावर बसले होते. चिमीला पाहून त्यांनी मान फिरवली. ही सुरुवातच त्यांना अशुभ वाटली असावी.

विषय होता, 'कोकणच्या तरुणाने मुंबईच गाठावी.' सुगंधा विरोधी बाजूला. सभागृह भरलेलं. पुढे तीन परीक्षक, मधले वकील. समोर शहरातल्या एका शाळेचा शंकर नावाचा मुलगा, केस पाण्याने चापून बसवलेले, हातात एकही कागद नाही.

सुगंधाने सरांचं भाषण म्हटलं. हात बरोबर समुद्राकडे गेला. शब्द एकही चुकला नाही, आणि एकही कुणाला लागला नाही. मागच्या रांगेत कोणी तरी जांभई दिली. शेवटच्या ओळीवर, जिथे सरांनी 'हे माझे घर, हे माझे अंगण' असं लिहिलं होतं, तिथे तिच्या तोंडून घरचाच शब्द निसटला.

"हा माझा घर..."

पोरं खिदळली. श्रीपादसरांनी डोळे मिटून घेतले. सुगंधा कानापर्यंत लाल होऊन खाली बसली.

शंकर उठला. तो खरंच चांगला बोलत होता. मुंबईने दिलेल्या नोकऱ्या, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर उभ्या राहिलेल्या शाळा. आणि मग खंडनाची पाळी आली तेव्हा त्याने सुगंधाकडे वळून हसून म्हटलं, "ज्यांना 'माझं घर' एवढे दोन शब्द धड म्हणता येत नाहीत, ते घर राखणार म्हणे! राखून काय करणार? या गावांनी आजवर केलं काय? देवळापुढे उभं राहून गाऱ्हाणी घातली! एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' करायचं. हा होयबांचा मुलूख आहे, अध्यक्ष महाराज. इथून जो निघेल तोच वाचेल!"

टाळ्या कडाडल्या. चिमी दचकून उठली आणि रडायला लागली. कावेरीबाई तिला थोपटत भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. श्रीपादसर मान खाली घालून मांडीवरचे कागद सारखे करत होते. आता ह्या कागदांत काही नव्हतं. सुगंधाने वळून बाईंकडे पाहिलं. बाईंचा एक हात पोराच्या पाठीवर होता. दुसऱ्या हाताने त्यांनी हवेत काही तरी धरल्यासारखं केलं, कालव धरतात तसं.

सुगंधा उठली.

"मी आधी त्यांचा मुद्दा मांडते," ती म्हणाली, "कारण त्यांनी तो घाईत मांडला."

कोणी तरी हसलं. पण ह्या वेळी तिच्यावर नव्हे.

"ते म्हणाले, आम्हाला घर म्हणता येत नाही. खरं आहे. मी माझा घर म्हटलं. माझं व्याकरण चुकलं, घर नाही चुकलं. आमच्या वाडीत 'माझं घर' अगदी शुद्ध म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्या घरांना आता कुलपं आहेत, आणि ओटीवर पावसात भिजू नये म्हणून गुरं येऊन बसतात."

आवाज चढला नव्हता. तरी भिंतीपाशी अक्षर न् अक्षर येत होतं. चिमीचं रडणं हुंदक्यांवर आलं.

"ते म्हणाले, आम्ही होयबा. एक बोलतो, बाकीचे माना डोलावतात. असं असतं तर मीसुद्धा उद्याच मुंबईची गाडी धरली असती. पण लोक कशाला होय म्हणतात ते त्यांनी ऐकलेलं नाही. 'अमक्याची शेती बुडाली रे म्हाराजा.' व्हय म्हाराजा. 'तमकीचो घोव मुंबैसून परत इलो नाय रे म्हाराजा.' व्हय म्हाराजा. ते साक्ष देतात. हिचं दुःख खरं आहे, आम्ही पाहिलंय, असं सगळा गाव एका आवाजात सांगतो. आमच्या गाऱ्हाण्यात मुंबईला गेलेल्यांना सांभाळ म्हणून दर वर्षी मागतात. माझे बाबाच मागतात. मुंबईत आमच्यासाठी कोण उभं राहून मागतं, त्याचं एक नाव त्यांनी सांगावं, मी खाली बसते."

सभागृह हललं. आणि मग सुगंधाने जे केलं ते सरावात नव्हतं. तिने टेबलावरचा फुलं ठेवलेला पेला दोन्ही हातांत उचलला, नारळ धरावा तसा, आणि परीक्षकांकडे तोंड केलं.

"बा देवा, तीन खुर्च्यांच्या म्हाराजा! आज ह्या हॉलात जी लेकरां बोलूक इली आसत, त्यातली निम्मी उद्या बोचकी बांधून मुंबैक जातली, आणि जाताना एकदा फिरान बघतली..."

तिने लोकांना जागा ठेवली.

"व्हय म्हाराजा!"

एकच आवाज आला, खणखणीत, पुढच्या रांगेतून. श्रीपादसरांचा. त्यांनी स्वतः दचकून इकडेतिकडे पाहिलं, कोण बोललं म्हणून. पन्नास वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली होती, त्यांना न विचारता.

"गावात शिकूची सोय नाय म्हणान जातली, हौशेन नाय जातली रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" आता मागच्या रांगा.

"आणि झील गेले की चेडवांका सांगतले, तुया बोलू नको, तुया रांगोळी घाल, असा सांगणारे आमचेच आसत रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळं सभागृह, आणि सगळ्यांत पुढे पुन्हा श्रीपादसर. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना त्याचा अर्थ कळला. कान लाल झाले. पण साक्ष दिली ती दिली. देवळातली असो की हॉलातली, ती मागे घेता येत नाही.

"तर म्हाराजा, मुंबैक जाणारी जी वाट तुया केलंस, ती वाट..."

घंटा वाजली. सुगंधा तिथेच थांबली, शब्दाच्या मध्यावर. पेला जागेवर ठेवला आणि खाली बसली. टाळ्या नंतर आल्या, आणि थांबेनात.

निकालात पहिला नंबर शंकरला. सुगंधाला उत्तेजनार्थ. वकील म्हणाले, "मुद्दे उत्तम होते, परंतु भाषा प्रमाण नसल्याने गुण कापणं भाग पडलं."

कावेरीबाई कधी पुढे गेल्या ते त्यांनाच कळलं नाही. खांद्यावर चिमी, पदराला दुधाचा डाग.

"नियम एकदा वाचून दाखवता का साहेब?"

वकिलांनी कागद पाहिला. "भाषण मराठीत असावे."

"मग ती कुठल्या भाषेत बोलली?"

"हे पाहा बाई, मालवणी म्हणजे..."

"म्हणजे मराठी नव्हे? तेवढं सर्वांसमोर सांगा. आम्ही उत्तेजनार्थसुद्धा परत करून जातो."

वकिलांनी ते सांगितलं नाही. निकालही बदलला नाही. "बाई, बसा," असं श्रीपादसर म्हणतील अशी बाईंची खात्री होती. ते मात्र स्वतःच उठून उभे राहिले होते. बाई वळेपर्यंत नुसते उभे राहिले.

परतीच्या गाडीत सकाळचीच मंडळी, सकाळचीच बाकं. चिमी सरांच्या शेजारच्या जागेवर उभी राहून त्यांच्या भाषणाचा एक कोपरा चघळत होती. सरांनी तो काढून घेतला नाही.

"पुढच्या वर्षी," ते बाहेर बघत म्हणाले, "मूळ भाषण मुलींनी स्वतः लिहावं. मी... मी खंडन तेवढं लिहून देईन."

"सर, खंडन आधी लिहिता येत नाही."

"हो, खरंच की." ते गोंधळले. "मग मी काय करायचं?"

"समोरच्या बाजूने बोलायचं. हिला भांडायला तोडीचा माणूस हवा."

"मी? हिच्याशी?" सरांनी मागे वळून सुगंधाकडे पाहिलं. "छे! ती मला जिंकू देणार नाही."

"आधी जिंकू देतंय सर," सुगंधा मागून म्हणाली, "मगे फोडतंय."

गाडी स्टॉपला थांबली तेव्हा उन्हं उतरली होती. विश्राम रस्त्याच्या कडेला उभे होते. हातात काही नव्हतं, तरी दोन्ही पंजे नारळ धरावा तसे एकमेकांत. दुपारच्या गाडीचा कंडक्टर, तोच पुसट शिक्क्यावाला, हॉलच्या दारात उभा राहून सगळं ऐकून आधीच येऊन गेला होता. बातमी गाडीच्या पुढे धावली होती.

सुगंधा खाली उतरली आणि बापासमोर उभी राहिली. मान खाली घातली नाही. कावेरीबाईंनी चिमीला घट्ट धरलं. पोरीच्या बाजूने काय बोलायचं ते सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"गाऱ्हाणा घातलंस म्हणे," विश्राम म्हणाले.

"घातलंय."

"हजार माणसांत."

"हजार नाय. हॉल ल्हान होतो."

विश्राम रस्त्याकडे बघत राहिले. एस्टी गेली, धूळ बसली. त्यांचं एक वाक्य यायला किती वेळ लागतो ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. सुगंधाही थांबली.

"वाट म्हणालंस आणि सोडलंस," ते शेवटी म्हणाले. "तसा सोडूचा नाय. 'जशी जाणारी वाट केलंस तशी येणारी पण कर रे म्हाराजा,' असा म्हणूचा, मगे सगळ्यांचा बरा मागूचा. त्याशिवाय गाऱ्हाणा पुरा जायना नाय."

"घंटा झाली, बाबा."

"देवळात घंटा झाली तरी मी थांबतंय काय?"

सुगंधाच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं, एस्टीतल्या भांडणातलं. "म्हंजे देवान ऐकलान तर?"

विश्रामनी तिच्या खांद्यावरची दप्तराची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि वाडीच्या चढणीला लागले. ती मागून चालत होती आणि त्यांना ऐकू जाईल, पण चिमी उठणार नाही, अशा आवाजात सांगत होती, "पुढल्या वर्साक पुरा करतंय. हयसरच, तुमच्या देवळासमोर. आधी तुमचा म्हणणा मांडतंय, बाबा. तुमच्यापेक्षा बरा."

कावेरीबाई स्टॉपवरच उभ्या राहिल्या. खांद्यावर चिमी झोपली होती. चढणीवरून शेवटचं अक्षरसुद्धा त्यांना ऐकू आलं.

"व्हय म्हाराजा," त्या पुटपुटल्या, आणि चिमीने झोपेत हुंकार दिला.